अमेरिकेतला कंपनीचा एलटीडी विमा: क्लेम काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

नोकरीबरोबर मिळणारा लाँग टर्म डिसॅबिलिटी, म्हणजे एलटीडी विमा (आजार किंवा दुखापतीमुळे दीर्घकाळ काम करता आलं नाही तर पगाराचा काही भाग देणारा), ही ओपन एन्रोलमेंटला, म्हणजे कंपनीच्या विमा योजना निवडायच्या वार्षिक मुदतीत, एक खूण करून विसरायची गोष्ट वाटते. काही महिन्यांच्या वापरानंतरचं मत असं: एकदा मंजूर झाला की पैसे दरमहा येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मंजूर करून घेणं आणि तो मंजूर ठेवणं हे आरोग्य विम्यासारखं बिल पाठवून होत नाही. पहिल्या फॉर्मपासूनच उद्या कोर्टात जाऊ शकेल अशी फाईल तयार होत असते, आणि हे एचआर सांगत नाही.

याचं मूळ १९७४ च्या एरिसा कायद्यात, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या लाभ योजनांच्या केंद्रीय कायद्यात आहे. खासगी कंपन्यांच्या बहुतेक योजना त्याखाली येतात. प्रकरण फेडरल कोर्टात गेलंच, तर शेवटचा निर्णय देताना विमा कंपनीसमोर जे कागद होते, सहसा तेवढेच न्यायाधीश पाहतात. ज्युरी नाही, मनस्तापाची भरपाई नाही. जिंकलात तर अडकलेले पैसे, कदाचित व्याज आणि वकिलाची फी. त्यातून योजनेत निर्णयाचा अधिकार विमा कंपनीला दिलेला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या फायरस्टोन निकालानुसार निर्णय बरोबर होता का हे नव्हे, तो वाजवी होता का एवढंच तपासलं जातं. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय यांच्यासारख्या काही राज्यांनी विम्याच्या पॉलिसीत असं कलम घालायला मनाई केली आहे. सरकारी नोकरीतल्या योजना आणि स्वतः बाहेरून घेतलेली पॉलिसी सहसा एरिसाबाहेर असतात. तिथे राज्याचा कायदा लागतो, आणि तो बऱ्याचदा ग्राहकाला जास्त सोयीचा असतो. म्हणून पहिलं काम: चकचकीत माहितीपत्रकावर न थांबता पूर्ण पॉलिसी आणि समरी प्लॅन डिस्क्रिप्शन (योजनेचे नियम सांगणारा अधिकृत दस्तऐवज) लेखी मागून घ्यायचं.

त्यात प्रतीक्षा काळ, म्हणजे काम थांबल्यापासून लाभ सुरू होईपर्यंतचा काळ दिसेल, बहुतेकदा ९० किंवा १८० दिवस. लाभ साधारण पगाराच्या ६० टक्के, वर महिन्याची कमाल मर्यादा. प्रीमियम नोकरी देणाऱ्या कंपनीने भरला असेल तर या ६० टक्क्यांवर आयकर लागतो. कर कापल्यानंतरच्या पगारातून तुम्ही भरला असेल तर लागत नाही. फरक मोठा आहे, निवड मात्र एन्रोलमेंटलाच करावी लागते.

खरी मेख व्याख्येत आहे. बहुतेक पॉलिसींत पहिले २४ महिने ‘तुमचा व्यवसाय करता येत नाही’ एवढं पुरतं. त्यानंतर ‘शिक्षण-अनुभवाला साजेसा कुठलाच व्यवसाय करता येत नाही’ हे दाखवावं लागतं, आणि त्याची चाचपणी आधीच सुरू होते. पहिल्या टप्प्यातही व्यवसाय म्हणजे तुमच्या ऑफिसातलं काम नव्हे. देशभरात तो साधारण जसा केला जातो तसा धरतात. सॉफ्टवेअरवाल्यांची इथे गोची होते. नोंद ‘बैठं काम’ अशी पडते, म्हणजे दिवसात साधारण सहा तास बसणं आणि १० पौंडांपर्यंत उचलणं. सलग एकाग्रता, ऑन-कॉलच्या रात्री, कीबोर्डवरचे तास यांचा पत्ताच नसतो. तुमची नोकरीतली कंपनी विमा कंपनीला जे जॉब डिस्क्रिप्शन पाठवते त्याची प्रत घ्या आणि राहिलेलं लेखी जोडा.

सर्वात जास्त क्लेम डॉक्टरांच्या फॉर्मवर अडतात. ‘रुग्ण काम करू शकत नाही’ या वाक्याचा जवळपास उपयोग नाही. सलग किती मिनिटं बसता येतं, दिवसभरात एकूण किती, हात किती वेळ चालतो, औषधाने गुंगी येते का, महिन्यात अंदाजे किती दिवस कामाला दांडी पडेल, हे आकड्यांत हवं. प्रत्येक आकड्यामागे तपासणीतली नोंदही हवी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मताला खास वजन देण्याचं बंधन विमा कंपनीवर नाही, हे २००३ च्या ब्लॅक अँड डेकर विरुद्ध नॉर्ड खटल्यात स्पष्ट झालं. तिचे डॉक्टर रुग्णाला न बघता नुसत्या कागदांवरून मत देऊ शकतात. वेदना किंवा थकवा स्कॅनमध्ये दिसत नसेल, तर फंक्शनल कपॅसिटी इव्हॅल्युएशन (शरीराला किती काम झेपतं याची मोजणी) किंवा न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी (स्मरणशक्ती, एकाग्रता वगैरेंची) कामाला येते. डॉक्टरांच्या पोर्टलवरच्या भेटीच्या नोंदी स्वतः वाचत राहा. मागच्या भेटीतून जशीच्या तशी उचललेली ‘प्रकृती ठीक’ ही ओळ नकाराच्या पत्रात हमखास सापडते. आणखी एक: मानसिक आजारासाठी अनेक पॉलिसींत २४ महिन्यांची मर्यादा असते. शारीरिक आजारामुळे आलेलं नैराश्य नोंदीत मुख्य निदान म्हणून गेलं, तर क्लेम त्या खान्यात ढकलला जाऊ शकतो.

नकार आला की अपिलाला १८० दिवस असतात. रागाच्या भरात दोन परिच्छेदांचं पत्र लगेच धाडणं सर्वात महाग पडतं, कारण पुरावा घालायची ही बहुधा शेवटची संधी. आधी संपूर्ण क्लेम फाईल लेखी मागा. ती फुकट द्यावीच लागते. तिच्यात त्यांच्या डॉक्टरांचे अहवाल, अंतर्गत टिपणं आणि पाळत ठेवली असेल तर तिचे व्हिडिओही निघतात. मग एकेका मुद्द्याला उत्तर देणारा वैद्यकीय आणि व्यावसायिक पुरावा जोडा. अपिलावर ४५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, विशेष कारण असल्यास आणखी ४५. १ एप्रिल २०१८ नंतरच्या क्लेममध्ये विमा कंपनीने अपिलात नवा अहवाल मिळवला, तर निर्णयाआधी तो तुम्हाला दाखवून उत्तराची संधी देणं बंधनकारक आहे. वकील घ्यायचाच असेल तर याच टप्प्यावर घ्या. अपील हरल्यावर गेलात तर त्याच्या हातात बदलता न येणारी फाईल उरते. कोर्टात जायची मुदतही पॉलिसीच ठरवू शकते, आणि ती अंतिम नकाराच्या आधीच धावायला लागलेली असू शकते (हाइमशॉफ निकाल, २०१३). शेवटच्या पत्रात ती तारीख द्यावी लागते, ती शोधा.

सोशल सिक्युरिटीचा भाग सर्वात त्रासदायक. पॉलिसी तुम्हाला एसएसडीआयचा, म्हणजे सोशल सिक्युरिटीच्या सरकारी अपंगत्व लाभाचा, अर्ज करायला लावते आणि तिथून मिळेल तेवढी रक्कम विम्याच्या मासिक लाभातून वजा करते. मागची थकबाकी एकदम आली की विमा कंपनी तिच्यावर हक्क सांगते, म्हणून त्या पैशांना हात लावू नका. अर्ज केला नाही, तर काही विमा कंपन्या अंदाजे रक्कम धरूनच कपात सुरू करतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर नव्याने आलेल्यांचे वर्क क्रेडिट (अमेरिकेत काम करून सोशल सिक्युरिटी कर भरल्यावर साठणारे गुण) अनेकदा पुरत नाहीत. अशा वेळी सोशल सिक्युरिटीचं नकारपत्र घेऊन विमा कंपनीला पाठवलं की ही अंदाजी कपात काढून मागता येते.

विम्याचा लाभ चालू आहे म्हणून व्हिसा टिकतो असं नाही, तो प्रश्न इमिग्रेशनच्या वकिलाचा. आणि उपचारासाठी किंवा घरच्यांच्या आधारासाठी भारतात जायचा विचार असेल, तर तिकीट काढण्याआधी परदेशातल्या वास्तव्याचं कलम वाचा. अनेक पॉलिसी ठरावीक महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिल्यास लाभ थांबवतात.