व्हिएंतियान की बंदर सेरी बेगावन: थोडक्या मुक्कामासाठी कोणती राजधानी?

आग्नेय आशियात पाठीवर सॅक टाकून फिरताना बँकॉक किंवा हनोईच्या गजबजाटानंतर एक-दोन दिवस शांतपणे काढायचे असतील, तर लाओसची व्हिएंतियान आणि ब्रुनेईची बंदर सेरी बेगावन या दोन राजधान्या डोळ्यांसमोर येतात. दोन्ही नदीकाठी वसलेल्या आहेत आणि दोन्हीकडे रात्री लवकर सामसूम होते. त्यापलीकडे मात्र त्यांच्यात साम्य फारसे नाही.

निवड बरीचशी मार्गावरच ठरते. नोंग खाईपर्यंत थाई रेल्वेने येऊन, १९९४ साली खुल्या झालेल्या मैत्री पुलावरून मेकाँग ओलांडली की व्हिएंतियान जवळच आहे. भारतीयांना लाओसचा व्हिसा या सीमेवरच मिळतो आणि डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेमुळे पुढचे लुआंग प्राबांग सुमारे दोन तासांवर आले आहे. बंदर सेरी बेगावन बोर्निओ बेटावर असल्याने मलेशियातील मिरी ते कोटा किनाबालू असा प्रवास करणाऱ्यालाच ते सोयीचे पडते. तेवढ्यासाठी वेगळे विमान पकडावे, असे मला वाटत नाही. शिवाय ब्रुनेईच्या व्हिसाची चौकशी निघण्यापूर्वीच केलेली बरी.

व्हिएंतियानमध्ये पाहण्यासारखे काही नाही, असे अनेक जण सांगतात. ते मला मुळीच मान्य नाही. १८१८ साली उभारलेले वाट सी साकेत हे मंदिर सयामी सैन्याने शहर उद्ध्वस्त केले तेव्हाही वाचले, आणि त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींतील कोनाड्यांत बुद्धाच्या हजारो लहान मूर्ती आजही बसलेल्या दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोप (COPE) केंद्र, म्हणजे अपंगांना कृत्रिम अवयव पुरवणाऱ्या संस्थेचे प्रदर्शन. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतील न फुटलेले बॉम्ब अजूनही शेतांत सापडतात, आणि त्यांत पाय गमावलेल्यांनी लाकूड व पत्र्यापासून घरीच बनवलेले कृत्रिम पाय येथे मांडले आहेत. एकच दुपार हाताशी असेल, तर ती येथे द्यावी आणि सोनेरी था लुआंग स्तूप दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा.

बंदर सेरी बेगावनचे खरे आकर्षण म्हणजे कांपोंग आयेर, पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी असलेली वस्ती. अगदी थोड्या पैशांत होडीने पलीकडे जाता येते आणि लाकडी पुलांवरून घरे, शाळा व मशिदी पाहत मनसोक्त फिरता येते. १९५८ सालची ओमर अली सैफुद्दीन मशीद नमाजाच्या वेळा सोडून इतरांनाही पाहता येते.

खर्चाच्या बाबतीत व्हिएंतियान सरस ठरते, कारण तेथे स्वस्त हॉस्टेल भरपूर आहेत, तर ब्रुनेईत ती मोजकीच असून तेथील डॉलर सिंगापूरच्या डॉलरच्या बरोबरीचा आहे. काटेकोर शाकाहारींनी लाओसमध्ये भाजीतही माशांचा सॉस (फिश सॉस) नाही ना, हे आवर्जून विचारावे. ब्रुनेईत भारतीय मुस्लिम खाणावळींत रोटी सहज मिळते, मात्र मद्य कोठेही विकले जात नाही.

पहिल्यांदाच या भागात जाणाऱ्याने निःशंकपणे व्हिएंतियान निवडावे आणि तेथे दोन रात्री राहावे. बोर्निओत आधीच असाल, तर बंदर सेरी बेगावनला एक रात्र पुरते. फक्त शुक्रवारी पोहोचू नये, कारण त्या दिवशी दुपारी बारा ते दोन दुकाने आणि उपाहारगृहे बंद असतात.