पुडीतलं साधं ओआरएस (जुलाबात प्यायचं मीठ-साखरेचं पाणी): बाळ अंगावर पीत असताना मला जुलाब झाले तेव्हा

बाळ साडेतीन महिन्यांचं, नुसतं अंगावरच पितं, आणि मागच्या आठवड्यात लग्नाचं जेवून आले तर रात्री दोनपासून जुलाब. सकाळपर्यंत सात-आठ वेळा झालं, उठलं की डोळ्यापुढे अंधारी. सासूबाई घाबरून म्हणाल्या आज त्याला पाजू नकोस, त्यालाही लागेल.

हे घाईघाईने एका मेडिकलमधून संत्र्याच्या चवीचा टेट्रापॅक आणि जुलाब थांबायच्या गोळ्या घेऊन आले, बाई पाजते आहे का हे तिथे कोणी विचारलंच नाही. तो ज्यूस इतका गोड की एका घोटात नको झाला, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात उलट. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलंय की असल्या पेयांवर ओआरएस लिहायचं नाही, तेव्हा लेबल नीट वाचत जा.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या पाजणं अजिबात थांबवू नकोस, साध्या जुलाबाचे जंतू आतड्यात असतात, दुधातून जात नाहीत, दुधातून त्याला अँटीबॉडीज मिळतात. जंतू जातात ते हातातून, म्हणून संडासहून आलं की आणि बाळाला घ्यायच्या आधी साबणाने हात. गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

मग डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलेली ओआरएसची १ लिटरची पुडी आणली, जनऔषधी केंद्रातही मिळते, स्वस्त आहे. अख्खी पुडी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धी पुडी पेल्यात वगैरे अंदाजपंचे नाही, पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं. मी लिटरची बाटली मोजायला ठेवली. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. चव आपल्या डोळ्यातल्या पाण्याइतकी खारट, आवडेल अशी नाही, पण गार करून घोट घोट जातं. एका हातावर बाळ पीत होतं, दुसऱ्या हातात माझा पेला. संध्याकाळी दूध कमी वाटलं म्हणून जास्त वेळा पाजलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरून आलं. जेवायला मऊ खिचडी, ताक, केळं, इंदूरात राहून चार दिवस पोहे-शेव बंद!

रक्त पडलं, ताप आला, लघवी कमी झाली किंवा दोन दिवसांत उतार नाही पडला तर पुडीवर बसू नका, दवाखाना गाठा. बाळाचे लंगोट कमी ओले होत असतील किंवा त्यालाच पातळ व्हायला लागलं तर लगेच.

माझ्याकडून पाच पैकी पाच. नणंदेची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे, तिच्या बॅगेत चार पुड्या आणि लिटरची एक रिकामी बाटली टाकून ठेवली आहे.