क्लॅपम साउथ: अकरा मजले खाली, आणि लिफ्ट नाही

लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या 'हिडन लंडन' सहलींमध्ये दक्षिण लंडनमधल्या क्लॅपम साउथ स्टेशनाखाली, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीपासून बचावासाठी बांधलेल्या खोल आश्रयस्थानाची सहल गुडघ्यांचा हिशेब करूनच घ्यावी. सुमारे 180 गोल पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढून वर यायचं. मागे पट्टा नसलेल्या चपला इथे कामाच्या नाहीत. खाली स्वच्छतागृहाची सोय धरू नका, ते वरच उरकून घ्या. बंद जागेत जीव घुसमटत असेल तर हा नाद सोडलेलाच बरा. तारखा मोजक्याच असतात, तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं.

जिना उतरताना घाई करू नका, कारण अर्धी गंमत तिथेच आहे. एकाच विहिरीत दोन जिने एकमेकांत गुंफलेले आहेत: एक वरच्या मजल्याचा, दुसरा खालच्या. 8,000 माणसं भोंगा वाजल्यावर एकदम आली, तर दोन्ही मजल्यांची गर्दी एकमेकांत अडकू नये म्हणून ही युक्ती.

खाली सुमारे 425 मीटर लांब, 5 मीटर व्यासाचे दोन समांतर बोगदे. प्रत्येकात मध्ये तक्तपोशी टाकून दोन मजले केलेले, आणि सगळ्यांचे मिळून 16 विभाग. प्रत्येक विभागाला नौदलातल्या सेनानीचं नाव, तेही ए पासून पी पर्यंत ओळीने: अॅन्सनपासून पॅरीपर्यंत. अंधुक उजेडात आपली खाट शोधायला अशी अक्षरं आकड्यांपेक्षा सोपी. खाटांच्या लोखंडी चौकटी काही ठिकाणी अजून जागेवर आहेत. खाटा, कँटीन, सामायिक संडास: जमिनीखालची चाळच म्हणा. मैला मात्र दाबाच्या हवेने वर गटारात ढकलावा लागे, कारण गटार डोक्यावर होतं! भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइनसुद्धा डोक्यावरूनच जाते. गाडी गेली की घरघर खाली ऐकू येते.

बांधकाम 1940 च्या अखेरीस सुरू झालं आणि 1942 मध्ये संपलं, म्हणजे मोठी बॉम्बफेक ओसरल्यावर. लोकांसाठी दारं उघडली ती जुलै 1944 मध्ये, जर्मनीचे व्ही-1 उडते बॉम्ब पडू लागल्यावर. म्हणून फक्त ब्लिट्झच्या, म्हणजे 1940-41 मधल्या त्या जर्मन बॉम्बफेकीच्या रात्री डोळ्यांपुढे आणून गेलात तर जागा नीट कळणार नाही. युद्धानंतरचा भाग तितकाच भरीव आहे. 1948 मध्ये 'एम्पायर विंडरश' बोटीने कॅरिबियन बेटांवरून आलेल्या दोनशेहून जास्त लोकांना इथे तात्पुरतं ठेवलं. कामाची नोंदणी करायला जवळचं कार्यालय ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होतं. त्यातले कित्येक जण पुढे त्याच भागात स्थिरावले. 1951 च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय प्रदर्शनाला येणाऱ्यांसाठी हेच स्वस्तातलं हॉटेल झालं.

वरच्या खाटेवर निजणाऱ्याला छत हाताला लागत असे. तिथे खरडलेली नावं आजही दिसतात, पण चालताना मान वर केली तरच.