लॅबचं 'न्यूरोपथी पॅकेज': डायबेटिससाठी ठीक, ऑटोइम्यूनसाठी तोकडं

पणजी, म्हापसा, मडगाव इथल्या खासगी लॅबमध्ये पायांची आग, मुंग्या (न्यूरोपथी, म्हणजे नसांचा आजार) यांसाठी जी पॅकेजं मिळतात, त्यांत साधारण शुगर, एचबीएवनसी, बी-१२, थायरॉइड आणि शेवटी एएनए, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा ऑटोइम्यून आजारांची प्राथमिक रक्तचाचणी, असतो. कारणांत डायबेटिसच पुढे, त्यामुळे सुरुवातीला घ्यायला हरकत नाही. मात्र त्या रिपोर्टवरून 'ऑटोइम्यून काही नाही' म्हणणं चुकीचं.

गोची एएनएतच आहे. एलायझा या मशीनवरच्या पद्धतीने केला तर नुसता आकडा हाती येतो. आयएफए (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या) पद्धतीने, टायटर (रक्त किती पातळ करेपर्यंत पॉझिटिव्ह येतं तो आकडा) आणि पॅटर्नसकट मागावा. १:८० टायटर धडधाकट माणसातही सापडतो, त्यावरून ल्युपस हा ऑटोइम्यून आजार ठरत नाही. उलट श्योग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा ऑटोइम्यून आजार) हा इथला मोठा संशयित, आणि त्यात एएनए निगेटिव्ह असूनही अँटी-रो या अँटिबॉडीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-रो वेगळा लिहून घ्या. डोळे चुरचुरतात, सुका पाव पाण्याशिवाय उतरत नाही, आग हातांवर-चेहऱ्यावरही आहे, अशांनी तर हमखास. रक्तात काही नाही मिळालं तरी खालच्या ओठाच्या आतल्या बायोप्सीत निदान होऊ शकतं.

सिलिअॅकसाठी (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा ऑटोइम्यून आजार) टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी टेस्ट, सोबत एकूण आयजीए (त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडींचं प्रमाण); तेच कमी असेल तर पहिली टेस्ट फसवी निगेटिव्ह येते. पोदेराचा (पाववाल्याचा) गव्हाचा पाव आधीच सोडून टेस्टला गेलात तरी तसंच.

होम कलेक्शनला आमचा सपशेल नकार क्रायोग्लोब्युलिनपुरता, म्हणजे रक्तातल्या थंडीत साकळणाऱ्या प्रथिनांच्या टेस्टपुरता. सीरम वेगळं होईपर्यंत रक्त ३७ अंशांवर राहायला हवं. स्कूटरवरच्या बर्फाच्या डब्यात ही प्रथिनं साकळतात, गुठळीबरोबर टाकून दिली जातात आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह'. ही प्रथिनं हेपटायटिस सीमध्ये आढळतात, म्हणून तो असलेल्यांना हे महागात पडतं.

पॅकेजसोबत कोणी एनसीएस (नसांतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) सुचवतं. ती नसांतले जाड तंतू तपासते; आग जाणवते ती बारीक तंतूंमुळे, आणि फक्त तेच गेलेले असले तर ती नॉर्मलच येणार. खरी तपासणी त्वचेच्या बायोप्सीची: बाहेरच्या घोट्याच्या १० सेंमी वर ३ मिमीचा पंच, पीजीपी ९.५ रंगवणी (तिने नसांचे तंतू दिसतात). नमुना साध्या फॉर्मलिनमध्ये टाकला की तंतू मोजणं बिघडतं, म्हणून कुठल्या द्रावात पाठवणार ते आधी विचारा. बधिर चट्टा असेल तर मात्र आधी कुष्ठरोग तपासून घ्यावा.

टीएस-एचडीएस, एफजीएफआर३ या महागड्या अँटिबॉडी टेस्ट सध्या नकोत. त्या अँटिबॉडी असलेल्यांना आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडींचं औषध) देऊन पाहिलेल्या छोट्या चाचणीत प्लासिबोपेक्षा फायदा दिसला नाही.