‘दाखवून घ्यावे ही विनंती’: एका लेखी पशुवैद्यकीय सल्लासेवेचा अनुभव

पाळीव प्राण्यांच्या दुखण्याखुपण्यावर मोबाइलवरून पशुवैद्यकांचा लेखी सल्ला देणारी एक सेवा मी वर्षभर वापरत आहे. सल्लागारांच्या ज्ञानाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या भाषेविषयी, आणि त्यात माझ्या भाषेचाही दोष आहे.

एका संध्याकाळी माझा बोका पुन्हापुन्हा लिटरच्या, म्हणजे शौच-लघवीसाठी ठेवलेल्या वाळूच्या, ट्रेमध्ये जाऊन, पाठ वाकवून कुंथत होता आणि उठल्यावर मागे काहीच दिसत नव्हते. ते बद्धकोष्ठ असावे असे गृहीत धरून मी लिहिले, ‘दुपारपासून पोट साफ होत नाही, काय द्यावे?’ उत्तर तत्परतेने आले आणि अतिशय गोड होते: काळजी करू नका, पाणी वाढवा, ओले अन्न द्या, सोबत एक हसरा चेहरा, आणि सर्वांत शेवटी, ‘लघवी होत नसल्यास दवाखान्यात दाखवून घ्यावे ही विनंती.’ निमंत्रणपत्रिकेत शोभणारे हे वाक्य मी शिष्टाचार समजून सोडून दिले. वास्तविक तेच पहिले वाक्य असायला हवे होते, कारण शौचासाठी कुंथणारा बोका आणि मूत्रमार्ग तुंबलेला बोका वरवर सारखेच दिसतात. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो पूर्ण तुंबला तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयावर परिणाम होतो आणि एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

रात्री दुसऱ्या सल्लागारांनी तोच संवाद वाचून विचारले, ‘ट्रेमध्ये आज ओले गोळे किती?’ लघवीने वाळू भिजून होणारा असा गोळा एकही नव्हता. त्यावर त्यांनी लिहिले, ‘आत्ता निघा. सकाळपर्यंत थांबू नका. इतका वेळ काय पाहत होता?’ शेवटच्या प्रश्नाने माझे डोके फिरले आणि दवाखान्याच्या वाटेवरच मी त्यांना एक तारा देऊन मोकळा झालो. तिथे नळी घालून लघवी काढावी लागली.

तरीही तो प्रश्न अनावश्यक होता, असेच माझे मत आहे. ‘आत्ता निघा’ हा कठोरपणा बोक्याच्या उपयोगाचा होता. पुढचे वाक्य केवळ माझ्यासाठी होते. मांजराला तापावर पॅरासिटामॉल देऊन बसलेल्या माणसाला असे फटकारले, तर तो गोळी दिल्याचे लपवण्याची शक्यता अधिक, आणि मांजराचे यकृत ते औषध नीट निकामी करू शकत नसल्याने एक गोळीही जिवावर बेतू शकते. उलट, अन्न बदलताना सातएक दिवसांत हळूहळू बदलावे, यासारख्या साध्या सल्ल्याला हसरा चेहरा जोडला तर कोणाचे काही बिघडत नाही. या सेवेत मात्र तातडीच्या आणि साध्या अशा दोन्ही सल्ल्यांसाठी बहुतेक वेळा एकच गुळगुळीत साचा वापरला जातो.

सेवा मी बंद केलेली नाही. आता निदान स्वतः न करता ट्रेमधील हालचालींचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवतो, शेवटची लघवी केव्हा पाहिली ते लिहितो, आणि उत्तराचा शेवट आधी वाचतो. रात्रीच्या त्या सल्लागारांना दिलेला एक तारा बदलण्याची सोय मात्र ॲपमध्ये नाही. ती करावी, ही माझी विनंती.