गुलमर्गमधील स्नोबोर्डचे बूट : मापाची काळजी घेणारे दुकान
गुलमर्गच्या बाजारातील या लहानशा दुकानात स्नोबोर्डचे बूट भाड्याने देण्यापूर्वी टाच भिंतीला टेकवून पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजले जाते, कारण या बुटांचे मोंडो माप (बर्फावरच्या खेळांच्या बुटांची मापपद्धत) पावलाच्या लांबीवरूनच ठरते. माझे पाऊल २६.५ भरले, रोजच्या बुटांच्या सवयीने मी मागितलेले मोठे माप दुकानदारांनी नम्रपणे नाकारले. एकच पातळ लोकरी मोजा घालून, नाड्या आवळून उभे राहिल्यावर पायाची बोटे टोकाला हलकेच टेकली आणि गुडघे वाकवताच मागे सरली. टाच मात्र जागची हलली नाही, आणि माझ्या मते हीच खरी कसोटी आहे, कारण टाच उचलली गेली की बोर्डावरचा ताबा सुटतो. भाड्याच्या बुटांचे अस्तर वापराने दबलेले असते, म्हणून घट्ट जोडच घ्यावा. माझ्या बुटांचे अस्तर ओलसर निघाले, ही उणीव मात्र गंभीर आहे.