पॉलिमर मिश्रणाचे पेटंट नाकारले गेल्यास : फेरविचार की अपील?

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्यात प्लास्टिक कंपाउंड तयार करणाऱ्या उद्योजकाला मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडून नकाराचा आदेश आला, की त्यात अनेकदा असा युक्तिवाद असतो : एका जुन्या पेटंटात नायलॉन आहे, दुसऱ्यात पॉलिप्रोपिलीन आहे, तिसऱ्यात या दोघांना सांधणारे मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडचे ग्राफ्ट (पॉलिमरच्या साखळीवर रासायनिकरीत्या जोडलेले रेणू) आहे, आणि तिन्ही एकत्र आणणे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचले असते. अशा वेळी दोन वाटा उरतात.

पेटंट कायद्याच्या कलम ७७ खालचा फेरविचार स्वस्त पडतो, पण तो आदेश देणाऱ्या त्याच नियंत्रकाकडे (पेटंट कार्यालयातील निर्णय-अधिकाऱ्याकडे) आणि आदेश कळल्यापासून एक महिन्यात मागावा लागतो. आघात-चाचणीचा (मिश्रण किती धक्का सोसते याच्या चाचणीचा) दाखल केलेला तक्ता आदेशात विचारातच घेतलेला नाही, अशी नोंदीवरून उघड दिसणारी चूक असेल तरच त्याचा उपयोग होतो. नियंत्रकाचा तर्कच पटत नसेल, तर ते सांगण्याची ही जागा नव्हे.

ती जागा म्हणजे कलम ११७-अ खालचे अपील. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यापासून ते उच्च न्यायालयात करावे लागते आणि त्याची मुदत आदेशाच्या तारखेपासून तीन महिने आहे. वकिलाचा खर्च व लागणारा काळ दोन्ही जास्त, तरीही मिश्रणाच्या प्रकरणात मला हीच वाट सबळ वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद प्रकरणात सांगितले, की जुन्या गोष्टींची जुळणी नुसत्या कारागिरीच्या पुढे जाऊन नवा परिणाम किंवा अधिक चांगली वा स्वस्त वस्तू देणारी हवी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ च्या अ‍ॅग्रीबोर्ड निकालात नियंत्रकावरही जबाबदारी टाकली, ती अशी, की जुने ज्ञान काय, अर्जातला शोध काय आणि पहिल्यावरून दुसरा जाणकाराला कसा सुचतो, हे तिन्ही आदेशात मांडले पाहिजे. तीन पेटंटांचे क्रमांक देऊन ‘म्हणून उघड’, म्हणजे सहज सुचणारे, एवढेच लिहिलेला आदेश या कसोटीवर टिकणे कठीण आहे.

मात्र कलम ३(ई) मुळे घटकांच्या गुणांची केवळ बेरीज पेटंटयोग्य ठरत नाही. मिश्रणाची आघात-सहनशक्ती घटकांवरून अपेक्षित असलेल्या मूल्याहून स्पष्टपणे जास्त असल्याचे आकडे अर्जाच्या नोंदीत नसतील, तर अपिलाचा आधारच ढासळतो.

फेरविचार नाकारल्याच्या आदेशावर कलम ११७-अ मध्ये अपिलाची तरतूद नाही. म्हणून फेरविचाराच्या निकालाची वाट पाहत मूळ आदेशावरच्या अपिलाचे तीन महिने हातचे घालवू नयेत. नव्या अर्जाचा विचारही जपून करावा, कारण प्रसिद्ध झालेला तुमचाच जुना अर्ज त्याच्या आड येतो.